पिंजऱ्यांतला पक्षी आणि नौकेंतली पेटी

कोळशाच्या खाणींत मजुरांबरोबर पिंजऱ्यांतून उतरणाऱ्या कॅनरी पक्ष्याची गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. तो पक्षी तेथें कोणीं नेला, आणि त्याच्या मागून आलेली विजेची पेटी आज लहान नौकांवर टांगलेली असतांही माणसें तिचें म्हणणें कां ऐकत नाहींत, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८९६ च्या जानेवारींत वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणींत स्फोट होऊन ५७ माणसें दगावलीं. जॉन स्कॉट हॉल्डेन नांवाचे शरीरशास्त्रज्ञ तेथें गेले. प्रेतें तपासतां त्यांना आढळलें कीं, बहुतेकांचा प्राण स्फोटाच्या धडाक्यानें गेलाच नव्हता; मागाहून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूनें तो घेतला होता. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील लाल द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक जोरानें बिलगतो. त्यामुळें हवेंत त्याचा अंश थोडा असला तरी रक्तांत त्याचा सांठा वाढत जातो. डोकें जड होतें, मळमळतें, पायांतलें बळ जातें. परंतु खरा घात निराळाच आहे. विचारशक्तिही मंदावत असल्यानें आपणांस कांहीं होत आहे, हेंच माणसाला उमजत नाहीं. हॉल्डेन यांनीं हा वायु स्वतः हुंगून आपल्या रक्ताची परीक्षा केली होती. त्यांचेच चिरंजीव जे. बी. एस्. हॉल्डेन हे १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन राहिले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले.

माणसाच्या आधीं ज्याला बाधा होईल असा लहान प्राणी जवळ बाळगावा, ही सूचना थोरल्या हॉल्डेन यांचीच. त्यांनीं प्रथम उंदीर सुचविला. पण दांडीवरचा पक्षी झोकांड्या खाऊं लागला म्हणजे तें चटकन् दिसतें, म्हणून कॅनरी पसंत पडला. १९११ पासून ब्रिटनच्या खाणींत त्याचा शिरस्ता पडला. कांहीं पिंजऱ्यांना प्राणवायूची नळकांडी जोडलेली असे. पक्षी पडला कीं दार बंद करून त्याला शुद्धीवर आणीत. मजूर त्याच्याशीं शीळ घालून बोलत. १९८६ सालीं हे पक्षी काढून यंत्रें ठेवण्याचें ठरलें, तेव्हां कित्येकांना वाईट वाटलें.

आतां नौकांकडे वळूं. इंग्लंडांतील कालवे, नद्या व सरोवरें यांवर हौशी लोक लहान नौकांतून राहतात. अशी नौका म्हणजे पाण्यावरची एक बंद खोलीच. तिच्यांत इंजिन, चूल आणि शेगडी हीं सारीं हाताच्या अंतरावर. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत निखारे ठेवतांना खिडकीची फट उघडी ठेवण्यास सांगणारी एखादी आजी असे; तसें तेथें कोण सांगणार? १ एप्रिल १९१३ नव्हे, अगदीं अलीकडे, १ एप्रिल २०१३ रोजीं, विंडरमिअर सरोवरावर धक्क्याला बांधलेल्या एका मोटारनौकेंत आई व मुलगी दोघी मरण पावल्या. इंजिनाच्या कप्प्यांत बसविलेल्या विजेच्या जनित्राचा धूर आंत आला होता, आणि त्यांना जागें करील असें कांहीं वाजलें नाहीं. २०१६ च्या जूनमध्यें रॉक्समजवळ छत ओढून घेतलेल्या नौकेंत इंजिनाच्या धुरानें आणखी दोघे गेले. तेथें पेटीच नव्हती. अखेर १ एप्रिल २०१९ पासून अंतर्गत जलमार्गांवरील राहत्या नौकांना ही पेटी सक्तीची झाली.

सक्ति करणें सोपें, विश्वास बसविणें कठीण. पक्षी उगाच पडत नसे. पेटी मात्र पुष्कळदां वाजते, आणि दोनदां वाजून कांहीं सांपडलें नाहीं कीं माणूस तिची बॅटरी काढून ठेवतो. या कामांत आम्हांला सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी वाटते ती हायड्रोजनची गोष्ट. नौकेवरची शिशाची बॅटरी जुनी झाली, किंवा तिच्यांत वीज फार भरली गेली, म्हणजे तिच्यांतून हायड्रोजन निघतो. पेटींतील रासायनिक घटाला तो वायु कार्बन मोनॉक्साइडसारखाच भासतो. चूल बंद, इंजिन बंद, तरी रात्रीं भोंगा वाजतो. मालक म्हणतो, पेटी बिघडली. वस्तुतः पेटीनें नांव चुकविलें, धोका चुकविला नाहीं. कोंडलेला हायड्रोजन ठिणगीनें भडकतो. अशा वेळीं आधीं सर्वांनीं बाहेर यावें, वारा खेळूं द्यावा, वीज भरणारें यंत्र बंद करावें आणि मग बॅटरी तपासावी.

उलट प्रकारही घडतो. युरोपीय मानकाप्रमाणें हवेच्या दहा लाख भागांत हा वायु ५० भाग असतां पेटी ६० ते ९० मिनिटांनीं वाजावी, १०० असतां १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० असतां ३ मिनिटांच्या आंत. म्हणून थोड्या धुरांत ती गप्प राहिली तर मुकी झाली असें समजूं नये. तिची कळ दाबून जी परीक्षा होते ती बहुधा भोंग्याची व बॅटरीची, नाकाची नव्हे. मधूनमधून एकच बारीक टिवटिव झाली तर ती वायूची खूण नसून बॅटरी उतरल्याची किंवा पेटीचें आयुष्य सरल्याची असते. लागोपाठ मोठ्यानें वाजणें निराळें. पेटींतला घट कांहीं वर्षांनीं निकामी होतोच. बदलण्याची तारीख बहुधा पेटीवरच छापलेली असते. पण पेटी एकदां भिंतीला ठोकली कीं ती तारीख भिंतीकडे जाते, आणि पुढें कोणी तिकडे पाहत नाहीं.