घरकुलाआधी जागा

गरिबाच्या घराकडे सरकारचे लक्ष आपल्याकडे गेले ते प्लेगमुळे. १८९६ साली मुंबईत साथ आली आणि दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची एक खोली. त्याच वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे लागली, पण मिळाल्या. वरळीची जमीन सरकारची होती आणि भाडेकरूंची नावे दप्तरात होती, हे त्यामागचे मोठे कारण.

खेड्यात हे सगळे फार उशिरा आले. इंदिरा आवास योजना १९८५ची. सुरुवातीला ती अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त झालेल्या वेठबिगारांपुरतीच होती. १९९३-९४ पासून इतर गरिबांचा तिच्यात समावेश झाला, तेव्हा कुठे गावोगावच्या भूमिहीन मुसलमानांना अर्ज करता येऊ लागला. पुढे अल्पसंख्याकांसाठी १५ टक्के उद्दिष्टही ठरले. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आली. ग्रामीण भागात २५ चौरस मीटरचे घर आणि १ लाख २० हजार रुपये.

आमचे पिंपळगाव आता नगरपरिषद झाले आहे. शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाखांपर्यंत अनुदान मिळते. रक्कम वाढली, अट मात्र तीच: जागा नावावर हवी. द्राक्षे, कांदा आणि टोमॅटोच्या या बाजारपेठेत, तीही मुंबई-आग्रा महामार्गालगत, हमाली करणाऱ्याने गुंठा-अर्धा गुंठा तरी कुठून घ्यायचा? अनुदानाच्या आकड्यावर भाषणे पुष्कळ होतात, जागेच्या भावावर कोणी बोलत नाही.

सोलापूरच्या विडी कामगारांनी हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. त्यात तेलुगू भाषक बायका आहेत, आपल्या समाजातल्याही खूप आहेत. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सहकारी संस्था केल्या आणि कुंभारीच्या माळावर एकत्रित जमीन घेतली. आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत सुमारे दहा हजार घरे झाली. नंतर तीस हजार घरांचे रे नगर ठरले. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आल्या. वसाहत शहराबाहेर पडते आणि रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च बाईच्याच मजुरीतून जातो, हेही खरे. तरी घर तिच्या हक्काचे आहे.

आपल्याकडे ज्यांची गावठाणात पिढीजात जागा आहे, तेही अडकतात. नमुना आठचा उतारा काढला की त्यावर वारलेल्या आजोबांचे नाव असते. वारसनोंद झालेलीच नसते. का झाली नाही, याचे एक कारण सांगतो, राग आला तरी चालेल. शरीयतने बहिणीचा वाटा ठरवून दिलेला आहे. नोंद करायला गेले की तिचे नाव लागणार, म्हणून 'बघू नंतर' म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. वाटा बहिणीचा बुडतो आणि घरकुल भावाचेही अडते.

दुसरी अडचण माझ्या विषयातली. उर्दूत एकच असलेले नाव मराठी कागदावर चार प्रकारे लिहिले जाते. उताऱ्यावर 'शेख रशीद', आधारवर 'रशिद शेख', बँकेत 'रसिद'. हप्ता थेट बँक खात्यात येतो, तिथे अक्षराचा फरक महागात पडतो. जातीच्या दाखल्याचेही तेच. पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान ही नावे राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत, आणि त्या वर्गासाठी २०२३ मध्ये मोदी आवास घरकुल योजना आली. छप्परबंद तर विमुक्त जातींच्या यादीत आहेत. ज्यांच्या नावातच छप्पर आहे, त्यांना छपरासाठी आधी दाखला शोधावा लागतो. तो काढताना आजोबांच्या शाळेची जुनी नोंद लागते आणि त्या रकान्यात बहुतेक वेळा नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते.