ऑर्डर काढली की मागवली?

मागं एकदा एका सरकारी खात्याची प्रेस नोट आली. 'नवीन पंपाबाबत ऑर्डर करण्यात आली आहे.' मी बातमी लावली, पंप मागवला! गल्ली खूश. महिन्यानं कळलं, निघाला होता तो नुसता पाहणीचा आदेश. पाणी काही आलं नाही. शिव्या मला बसल्या आणि त्या बरोबरच होत्या.

इंग्रजीत 'ऑर्डर' नाम आहे आणि क्रियापदही. रिपोर्ट, चार्ज, अपील तसेच. पण यात इंग्रजीचं फार कौतुक नको. आपले खेळ, नाच, झुंज, पकड हेच करतात. खासबागेत 'पकड!' म्हणून ओरडतो ते क्रियापद, दुसऱ्या दिवशी पेपरात 'पकड मजबूत' छापतो ते नाम.

बाहेरचा शब्द पचवायची खोडही आपल्याला जुनीच. फारसी अमलात 'खर्च' आला, आपण 'खर्चणे' केलं. बदलचं बदलणे, कबूलचं कबूलणे, फर्मानाच्या घरातलं फर्मावणे. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या सुमारास रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पण 'खर्चणे' लोकांच्या तोंडून हललं नाही. आपल्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवणारे माधव ज्यूलियन तर और माणूस. १९२५ ला फारसी-मराठी कोश केला आणि १९३८ ला 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला!

इंग्रजी शब्दाला मात्र 'णे' सहसा चिकटत नाही. 'गुगलणे' वगैरे थट्टेपुरतं. तो नाम होऊन येतो आणि 'हुकूम काढणे', 'अर्ज करणे' या जुन्या साच्यात बसतो. म्हणजे खरा अर्थ शेजारचं मराठी क्रियापद सांगतं. ऑर्डर काढली म्हणजे साहेबानं. ऑर्डर दिली म्हणजे हॉटेलात मिसळीची. चार्ज घेतला म्हणजे खुर्चीवर बसला, जादा चार्ज लावला म्हणजे आपल्या खिशाला भोक. भाजी मंडईतला माणूस यात कधी चुकत नाही. चुकतो आपण शिकलेले, सगळ्याला एकच 'करण्यात आले' जोडून. त्यात केलं काय तेही कळत नाही आणि कुणी तेही नाही.

आता प्रेस नोट आली की मी आधी फोन लावतो. "साहेब, ऑर्डर काढली की मागवली? आणि सही कुणाची?"

पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "बघून सांगतो."