मुंबईचे जिमखाने व क्रीडांगणावरील जातिभेद

मुंबईच्या नागरी जीवनात जिमखान्यांचे कार्य दुहेरी स्वरूपाचे होते. १८८५ मध्ये पारशी व १८९४ मध्ये हिंदू जिमखाना स्थापन झाला. खेळ एकच असला तरी सभासदत्व मात्र जमातवार राहिले. १९१२ पासूनच्या चौरंगी सामन्यांनी या विभागणीस सार्वजनिक रूप दिले. परंतु विजयाच्या ईर्ष्येनेच हिंदू संघास आपल्या अंतर्गत भेदाकडे पाहणे भाग पडले. अस्पृश्य मानलेल्या जातीतील पालवणकर बाळू हे श्रेष्ठ गोलंदाज असूनही त्यांना संघाचे नायकत्व नाकारले गेले. १९२३ मध्ये ते त्यांचे बंधू विठ्ठल यांस लाभले. १९४६ मध्ये हे जमातवार सामने बंद झाले. सारांश, ज्या संस्थांनी जमातींमधील भिंती दृढ केल्या, त्यांच्याच अंगणात जातीची एक भिंत खचली.