विजेत्याची पात्रता (रिअ‍ॅलिटी शो)

रिअ‍ॅलिटी शोचा निकाल लागल्यावर, जिंकलेला स्पर्धक त्या मानाला लायक होता की नाही यावर प्रेक्षकांत होणारा वाद. मराठीत अलीकडे हा वाद सर्वाधिक गाजला तो ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वानंतर. २८ जुलै २०२४ रोजी सुरू झालेले हे पर्व ७० दिवस चालले. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी सूत्रसंचालक रितेश देशमुख यांनी बारामती तालुक्यातील मोढवे गावच्या सूरज चव्हाणला विजेता घोषित केले. गायक अभिजीत सावंत उपविजेता ठरला, तर छत्रपती संभाजीनगरची निक्की तांबोळी तिसरी आली. विजेत्याला १४ लाख ६० हजार रुपयांचे बक्षीस मिळाले आणि त्याच रात्री महाराष्ट्रातील घराघरांत दोन तट पडले. हा वाद विजेत्याच्या गुणदोषांवर चालत असला, तरी त्याचे मूळ स्पर्धेचा निकष आणि मतांची मोजणी या दोन गोष्टींत आहे. ती दोन्ही झाकलेली राहतात तोवर विजेत्याला नालायक ठरवणे अन्यायाचे आहे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

सूरजच्या विरोधातील म्हणणे थोडक्यात असे : तो ‘बिग बॉस’च्या घरात फारसा बोलला नाही, वादात ठाम भूमिका घेतली नाही, ‘गेम’ खेळला नाही, लहानपणी आईवडील गेले, शिक्षण अपुरे राहिले, म्हणून त्याला सहानुभूतीची मते मिळाली. त्याच्या बाजूचे म्हणणे असे, की त्याने पाठीमागे कोणाची निंदा केली नाही, टास्कमध्ये अंग झोकून दिले आणि कार्यक्रमाआधी टिकटॉकवर दिसलेला माणूस घरातही तोच राहिला. दोन्ही बाजूंनी एकच ७० दिवस पाहिले होते. तरीही निष्कर्ष वेगळे निघाले, कारण एक बाजू डावपेच मोजत होती आणि दुसरी स्वभाव. यांपैकी काय मोजायचे हे कार्यक्रमाने कधीच ठरवून दिलेले नव्हते. शेवटचा नियम एवढाच होता, की ज्याला प्रेक्षकांची मते जास्त तो विजेता. या नियमाने पाहिल्यास पात्रतेचा स्वतंत्र प्रश्न उरतच नाही. मते खरी असतील तर विजेता पात्र आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की लोकप्रियता म्हणजे गुणवत्ता नव्हे. तो बरोबर आहे, पण त्याचा रोख चुकतो. २००९ मध्ये ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ आळंदीच्या कार्तिकी गायकवाडने जिंकले, तेव्हा आर्या आंबेकर किंवा प्रथमेश लघाटे जिंकायला हवे होते असे मानणारे असंख्य श्रोते होते. त्या कार्यक्रमात अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक गाण्याला ‘नी’पर्यंतचे सूर गुण म्हणून देत, आणि प्रेक्षक एसएमएसने मत देत. एकाच स्पर्धेत गाण्याची पारख आणि लोकांची पसंती अशी दोन मापे वापरली, की निकाल कुठल्यातरी एका मापाला खटकणारच. हा दोष स्पर्धेच्या रचनेचा आहे; खड्या आवाजात गाणाऱ्या मुलीचा नाही. स्वतः अभिजीत सावंतही २००५ मध्ये प्रेक्षकांच्या मतांवरच पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला होता. तेव्हा मान्य असलेले मत २०२४ मध्ये दुसऱ्याला मिळाले म्हणून कमी मोलाचे ठरत नाही.

दुसरा आक्षेप सहानुभूतीचा आणि गावकीचा आहे. गरिबी पाहून दिलेले मत खोटे का मानावे? मत देणारा कशासाठी मत देतो हे विचारण्याची सोय कोणत्याच मतदानात नसते, आणि शहरी स्पर्धकाच्या सफाईदार बोलण्यावर भाळून दिलेल्या मताला कोणी सहानुभूतीचे म्हणत नाही. ‘ग्रामीण भागाने त्याला जिंकवले’ हे विधान तर तपासताही येत नाही. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारच्या प्रेक्षकांनी मराठवाड्याची म्हणून निक्कीला मते दिली, गावाकडचा म्हणून सूरजला, की गाण्यासाठी अभिजीतला, हे कोणी सांगू शकत नाही. मते जिओसिनेमा अ‍ॅपवर गेली आणि निकालासोबत फक्त नावे बाहेर आली.

खरा आक्षेप इथेच घ्यायला हवा. जवळा बाजारच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याला भाव पटला नाही तरी बोली त्याच्यासमोर लागते, वजन काट्यावर होते आणि हातात हिशेबपट्टी पडते. भांडायचे तर त्याच्याकडे कागद असतो. मत देणाऱ्या प्रेक्षकाकडे तसे काहीच नसते. निकालाच्या मंचावरच केदार शिंदे यांनी सूरजला घेऊन चित्रपट करण्याची घोषणा केली, आणि ते वाहिनीच्या कार्यक्रमांचे प्रमुख असल्याने ‘सगळे आधीच ठरले होते’ ही शंका बळावली. त्या घोषणेने काहीच सिद्ध होत नाही. पण आकडे नसल्यामुळे शंका खोडताही येत नाही. युरोपातील ‘युरोव्हिजन’ गीतस्पर्धेत परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवतात. २०२३ मध्ये प्रेक्षकांनी फिनलंडच्या कारिया या गायकाला ३७६ आणि स्वीडनच्या लॉरीनला २४३ गुण दिले, तरी परीक्षकांच्या ३४० गुणांमुळे लॉरीन एकूण ५८३ विरुद्ध ५२६ अशी जिंकली. वाद तिथेही पेटला, पण तो परीक्षकांना इतके वजन असावे का या प्रश्नावर.

करमणुकीच्या कार्यक्रमाकडून इतकी अपेक्षा कशाला, असा तिसरा आक्षेप घेतला जातो. पण ज्या क्षणी वाहिनी ‘तुमचे मत निर्णायक आहे’ असे सांगून प्रेक्षकाला मत द्यायला लावते, त्या क्षणी ती त्याच्याशी एक करार करते, आणि त्या मतावर एखाद्याच्या हाती लाखो रुपये व पुढची कामे येतात. प्रत्येक अंतिम स्पर्धकाची मते, एका माणसाला किती मते देता येतात याची मर्यादा आणि मोजणीची त्रयस्थ तपासणी, एवढे जाहीर करणे वाहिनीला अवघड नाही. तसे झाले तरी आवडीनिवडीचा वाद संपणार नाही, आणि संपूही नये. समाजाने कोणत्या गुणाचा मान राखावा, याचा विचार त्या वादातूनच होतो. विजेत्याने फक्त आपण नियम पाळले का याचे उत्तर द्यायचे असते. बाकी सर्व उत्तरे वाहिनीने द्यायची आहेत, आणि ती मागण्याचा हक्क मत देणाऱ्या प्रत्येकाला आहे.