उत्रोळीचा कैदी

विद्यार्थ्यांच्या लघुपटातला गुंड बहुधा गॉगल, शिवी आणि पिस्तूल यांच्या भरवशावर उभा असतो. दरारा कुठून येतो, हे लिहिणाऱ्याने शोधलेलेच नसते. तो शोधायचा तर इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या, भोरजवळच्या उत्रोळीत डिसेंबर १८३१ मध्ये फितुरीने पकडलेल्या रामोशी उमाजी नाईकांकडे पाहावे. रामोशी हे गडांचे, गावांचे राखणदार. चोरवाटा ठाऊक असणे हेच त्यांचे काम. राखणीचे हक्क गेले, तेव्हा तीच माहिती बंडाच्या कामी आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तर उमाजींना एकदा माफी देऊन बंदोबस्ताच्या नोकरीतही घेतले होते. पहारेकरी आणि दरोडेखोर यांच्यातली रेघ इतकी पुसट!

आद्य क्रांतिकारक मानल्या जाणाऱ्या उमाजींना गुंडांच्या पंगतीत का बसवायचे, असा आक्षेप येईल, आणि तो रास्तच आहे. पण त्या पंगतीत त्यांना बसवले इंग्रजांनी. पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशनेच १८३३ मध्ये त्यांची हकिकत छापली. तो त्यांना लुटारू म्हणतो, आणि त्याच उमाजींनी कंपनीला महसूल देऊ नका, असा जाहीरनामा काढलेला असतो. पटकथेला ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवूनच माणूस सापडेल. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली.