कासराभर दिवस

बीड जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घराण्याचे दफ्तर उघडून निजामी अमदानीतील जमिनीचे कागद चाळू लागले, म्हणजे आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशी महिन्यांची नावे भेटतात आणि नव्या वाचकास आपण कोणत्या मुलखात आलो असा क्षणभर भ्रम होतो. ही फसली सनाची नावे. फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चांद्रमानाचे, सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी आखूड. त्यामुळे त्याचे महिने ऋतूंतून मागे सरकत जातात आणि 33 वर्षांच्या सुमारास पुऱ्या एका वर्षाचा फरक पडतो. ज्या सालाचा सारा मागावयाचा, त्या सालाचे पीक रयतेच्या पदरात पडले असेलच असा भरवसा मग राहत नाही. म्हणून मोगल अंमलात महसुलाकरिता सौरमानाचा हा सन सुरू झाला, आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानाने शरणागती पत्करीपर्यंत बीडच्या कचेरीतही त्याचाच अंमल होता. निजामी राजवटीविषयी मराठवाड्याच्या मनात जे सल आहेत ते खरेच आहेत. तथापि राज्याने आपला काळ शेतकऱ्याच्या सुगीशी जुळवून घ्यावा, या एका गोष्टीतील शहाणपण मला नाकारता येत नाही.

युरोपात गेली शंभर वर्षे याच्या उलट प्रकार चालला आहे. पहिल्या महायुद्धात दिव्याबत्तीचा कोळसा वाचावा म्हणून जर्मनीने 30 एप्रिल 1916 रोजी घड्याळे एक तास पुढे सारली, तीन आठवड्यांनी ब्रिटनने तेच केले, आणि मध्ये खंड पडत पडत अखेर मार्चअखेरीस काटा पुढे, ऑक्टोबरअखेरीस मागे, असा रिवाज तेथे कायम झाला. 2018 साली युरोपीय संघाने लोकांचे मत मागविले तेव्हा सुमारे 46 लाख उत्तरे आली, त्यांतील 84 टक्के हा रिवाज बंद करावा अशी. पुढील वर्षी तेथील संसदेनेही तसा कौल दिला. परंतु कायमची वेळ उन्हाळ्याची ठेवावी की हिवाळ्याची, यावर राष्ट्रांचे एकमत होईना आणि प्रकरण दप्तरी पडून राहिले.

आपल्याकडे असा प्रयोग झाला तो दुसऱ्या महायुद्धात. 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत हिंदुस्थानची प्रमाणवेळ एक तास पुढे होती. मुळात ही प्रमाणवेळच 1906 साली साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरविलेली. बीड पावणेशहात्तराच्या आसपास, म्हणजे पावणेसात अंश पश्चिमेस, आणि अंशाला चार मिनिटे या हिशेबाने बीडचा सूर्य घड्याळाच्या 27 मिनिटे मागे. त्यात युद्धकाळाचा तास मिळविला, तर माथ्यावर सूर्य येई तेव्हा त्या घड्याळात जवळजवळ दीड वाजलेला असावयाचा. मुंबईकरांनी तर मूळच्या 39 मिनिटांवरूनच रणे माजविली आणि त्यांच्या महापालिकेने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे आपली जुनी मुंबईची वेळ सोडली नाही. बीडमध्ये असा वाद होण्याजोगे घड्याळ होते किती जणांकडे? जगभर एकसमान वेळेची सक्ती मुख्यतः आगगाडीने केली, आणि बीड शहरात आगगाडी पोहोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी.

खेड्यातील वेळ आभाळात आणि अंगणात होती. तिकांडे कलले, शुक्राची चांदणी वर आली, की बायका जात्याशी बसत. मग झुंजुमुंजू, मग तांबडे फुटणे, आणि मग ‘दिवस कासराभर वर आला’ हे माप, ज्याची गोडी मला कोणत्याही घड्याळात आढळली नाही. कासरा म्हणजे बैलाची दोरी. शेतकऱ्याच्या हातात अष्टौप्रहर जी वस्तू, तिनेच त्याने सूर्याची उंची मोजली. नेमकी वेळ लागे ती लग्नात. माझ्या आजीच्या आठवणीत जोशीबुवांचे घटिकापात्र होते: बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी, कुंकवाचे बोट लावून घंगाळातील पाण्यावर सोडलेली, पाणी हळूहळू आत चढे, काठाशी येई, आणि वाटी एक डचमळ घेऊन बुडे, ती घटका भरली. चोवीस मिनिटे झाली, असे कोणी म्हणत नसे. जोशीबुवा वाटी उपडी करून पुन्हा सोडीत, आणि सारा मांडव त्या तांब्याच्या वाटीकडे डोळे लावून उभा असे.

ऋतूप्रमाणे वेळ बदलणे आम्हांस अपरिचित होते असे मात्र नव्हे. उन्हाळा लागला की आमची सकाळची शाळा सुरू होई. काटा जागच्या जागी, फक्त लोखंडी तुकड्यावरचा टोल लवकर पडे आणि ऊन तापण्यापूर्वी पोरे घरी येत. दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचा दिवस तर थंडीतही उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. एकोणिसाव्या अक्षांशावर मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान अकरांचा. लंडनला साडेसोळा आणि आठांहूनही कमी. जेथे सव्वादोन तासांचाच फेर आहे, तेथे काटा हलवून वाचणार काय? 1942 साली येथील घराघरांत रॉकेलची चिमणी होती आणि ती जेवणे उरकताच फुंकली जाई.

उजेडाचा खरा प्रश्न येथे पुढे उभा राहिला, आणि तो विहिरीवर. शेतीपंपांना वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास, अशी वर्षानुवर्षे मिळत आली. ज्या जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र, त्याच जिल्ह्यातील शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरावयास निघतो. पायाखाली चिखल, बांधाच्या गवतात सापाचे भय, हातात खोरे. शेतीला दिवसा वीज द्यावी म्हणून 2017 साली राज्याने सौर कृषी वाहिनीची योजना काढली. जेथे तिची वीज पोहोचली आहे, तेथे दिवस कासराभर वर आल्यावर मोटर सुरू होते; जेथे नाही, तेथे आजही घरातली माणसे अंथरुणावर पडून लाइट यायची वाट पाहत जागी असतात.