नादाची अक्षरे

संगीतसभेची जाहिरात म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे तंबोरा नाही तर गवयाचा चेहरा उभा राहतो. झुरिकच्या योसेफ म्युलर-ब्रॉकमन (१९१४–१९९६) यांनी टोनहाले सभागृहाच्या भित्तिपत्रकांतून वाद्यच हद्दपार केले. आणि घरी पत्नी व्हायोलिनवादक! १९५५च्या बीथोव्हेन-पत्रकात काळ्या कमानी दुपटीदुपटीने जाड होत फिरतात, मजकूर इवलासा. १९६०नंतरच्या कित्येक पत्रकांतून कमानीही गेल्या. उरली बिनवेलबुट्टीची अक्षरे, तीही सारी धाकटी. जर्मनमध्ये नामाचे आद्याक्षर मोठे लिहिण्याचा दंडक, तोही झुगारलेला! नावांच्या ओळी कोठे दाटतात, कोठे दूर सरतात; लय काय ती एवढ्यावर. प्रथमदर्शनी कोरडे वाटते, हे कबूल. पण दुसऱ्यांदा पाहताना त्या कोऱ्या जागेत मला तालातली ‘खाली’ ऐकू आली.